राइडिंग मोवर : पुढचं चाक डुगडुगते आन पात्याचा क्लच गरम झाला का सोडते, काय करू?

बगीचावाला_वरुड
सोमवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. लय दिवसानं लिहून राह्यलो. वरुड तालुक्यातला आहो, साडेचार एकर संत्रा हाय, आंबिया बहार. दोन वर्षाआधी नागपूरकडच्या एका फार्महाउसवाल्यानं सगळं सामान विकायले काढलं होतं तवा मी बसून चालवाची गवत कापाची मशीन उचलली, राइडिंग मोवर म्हणते त्याले. अमेरिकन बनावटीची हाय, ४२ इंची डेक म्हणजे पात्यावरचं कवच, खाली दोन पाते, पेट्रोल इंजिन. झाडाच्या दोन ओळीतून मस्त जाते, आजूबाजूचे लोकं पाहायले येते.

आता दोन भानगडी झाल्या. एक म्हणजे पुढचं डावं चाक, चालता चालता असं डुगडुगते का वाटते आता निघून जाते का मंग. आन दुसरी मोठी, पात्याचा क्लच. पिवळं बटण वर ओढलं का पाते फिरतात, २०-२५ मिनिट एकदम टकाटक, मंग हळूहळू पाते मंद होते आन गवत कापाच्या जागी नुसतं लोळवते. इंजिन तर बरोबर चालू असते. अर्धा घंटा सावलीत उभी ठेवली का पुन्हा जशीच्या तशी. मेकॅनिक म्हणते क्लच गेला, नवा मागवा लागते, अठरा हजार आन महिनाभर वाट पाहा. महिन्याभरात गवत माह्या कमरेच्या वर जाईन. कोणाले काई माहीत असन तर सांगा बाप्पा.

उगाच_बोलतो
सोमवार, रात्री ९:५२

चार बकऱ्या घे भाऊ. बेअरिंग नाई, क्लच नाई, पेट्रोल नाई. वरून दूध.

बगीचावाला_वरुड
सोमवार, रात्री ९:५८

बकऱ्या गवताच्या आधी संत्र्याची कोवळी पालवी खातात हे तुले माहीत नसन. मांगच्या साली शेजाऱ्याची एक सुटली होती, तीन कलमा चाटून पुसून साफ.

रिवाइंडिंग_मास्तर
सोमवार, रात्री १०:३०

भाऊ मी मोवर बियर कधी पाह्यला नाई, पण मोटारी भरता भरता तीस वर्ष झाले, दारव्ह्याले दुकान हाय. तुमचा क्लच विजेवर चालणारा हाय ना, बटणाचा? म्हणजे आत तांब्याची कॉइल असन, चुंबक बनणारी. थंड असताना चालते आन गरम झाल्यावर सोडते, हे तर कॉइलवाल्याचं रोजचंच रडगाणं हाय. तांबं गरम झालं का त्याचा रेझिस्टन्स वाढते, दर डिग्रीले ०.४ टक्क्याच्या आसपास. म्हणजे कॉइल ७०-७५ डिग्रीनं तापली तर रेझिस्टन्स पावपटीपेक्षा जास्त वाढला. करंट तेवढा कमी झाला. आन चुंबकाची ओढ करंटच्या वर्गावर जाते, म्हणून करंट १०० चा ७७ झाला तर ओढ ६० वर येते. आता सांगा, आधीच काठावर चालून राह्यला असन तर तो सोडन का नाई सोडन?

पण हे सगळ्याच क्लचात होते, चांगल्यातही होते, कंपनीनं तेवढी सूट ठेवलेलीच असते. म्हणून तुमचा काठावर काहून आला ते शोधा. मले तीन आकडे द्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्ट किती. पाते चालू असताना क्लचच्या सॉकेटवर व्होल्ट किती. आन क्लचचं सॉकेट काढून कॉइलचे ओहम किती, थंड असताना एकदा आन सोडल्या सोडल्या एकदा. मीटर नसन तर गावच्या वायरमनजवळ असन. घाईनं अठरा हजार देऊ नका.

ओहायोवाला_वर्धेकर
मंगळवार, पहाटे ४:१५

नमस्कार. मूळचा वर्ध्याचा, आता इकडे ओहायोत. अर्धा एकर लॉन आहे आणि अकरा वर्षं एकच मशीन चालवतोय त्यामुळे हा क्लच मी चार-पाच वेळा उघडलाय. मास्तरांनी जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, मी फक्त रचना सांगतो म्हणजे शोधायला सोपं जाईल.

इंजिनचा शाफ्ट खाली निघतो, त्याच्या टोकाला हा क्लच बसवलेला असतो. त्यात तीन गोष्टी. वरची कॉइल, ती फिरत नाही, एका खाचेत अडकवून ठेवलेली असते. मधला रोटर, तो शाफ्टसोबत सतत फिरतो. आणि खालची चकती, जिला पुली जोडलेली आहे, ती शाफ्टवर एका बेअरिंगवर बसते. बटण ओढलं की कॉइल चुंबक होते, चकतीला रोटरकडे खेचते, दोघं एकत्र फिरतात, बेल्ट फिरतो, पाती फिरतात. बटण दाबलं की स्प्रिंगा चकतीला मागे ढकलतात आणि ती ब्रेकच्या पट्टीवर जाऊन बसते. म्हणूनच पाती चार-पाच सेकंदात थांबतात, नुसती गरगरत राहत नाहीत.

आता खरी गोम : चकती आणि रोटर यांच्यातली फट. नव्या क्लचला ती साधारण ०.३ ते ०.४ मिमी असते. वापरून घासली की फट वाढत जाते, आणि फट वाढली की चुंबकाला लांबून खेचावं लागतं. थंड असताना कसंबसं खेचतो, तापला की सोडतो. तुमची लक्षणं अगदी हीच आहेत. बऱ्याच क्लचला कडेनं तीन नट आणि तीन छोट्या खिडक्या असतात, त्यातून फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या, घालून फट सेट करता येते. काही नव्या क्लचला नटाऐवजी एक पातळ शिम असते, ती ओढून काढली की फट कमी होते. तुमचं कुठलं आहे ते फोटो टाकून दाखवा.

आणि एक आवाजाची परीक्षा करून बघा. इंजिन चालू, पाती बंद. खालून किर्रर्र आवाज येतोय का? आणि पाती चालू केल्यावर तो आवाज गायब होतो का? तसं असेल तर क्लचचं बेअरिंग गेलंय. कारण पाती बंद असताना पुली ब्रेकनं धरलेली आणि शाफ्ट आत फिरतोय, म्हणजे बेअरिंग फक्त तेव्हाच काम करतं. पाती चालू झाल्यावर आतलं-बाहेरचं दोन्ही सोबतच फिरतं, बेअरिंग रिकामटेकडं. याच्या उलट, पाती चालू केल्यावर आवाज वाढत असेल तर पाती ज्यावर फिरतात त्या स्पिंडलचं नाहीतर बेल्ट ताणून धरणाऱ्या आयडलर पुलीचं बेअरिंग बघा.

बगीचावाला_वरुड
मंगळवार, सकाळी ७:०५

बापरे, एवढं तर मेकॅनिकनंही नाई सांगतलं. वर्धेकर दादा, तीन नट हायेत, आताच टॉर्च घेऊन पाह्यलं. आन हाव, पाते बंद असताना बारीक किर्र येते, चालू केले का नाई येत. मले वाटे इंजिनचाच आवाज हाय.

मोर्शीची_ताई
मंगळवार, सकाळी ८:२०

भाऊ, एक विचारते, राग मानू नका. मशीन धुता कशानं?

बगीचावाला_वरुड
मंगळवार, सकाळी ८:३१

फवारणीच्या एचटीपी पंपाची गन लावतो ताई. पाच मिनिटात चकाचक. काळी माती एकदा सुकली का सिमेंट होते, बाल्टीनं निघत नाई.

मोर्शीची_ताई
मंगळवार, सकाळी ८:४५

तेच म्हटलं. माझ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे बेअरिंग असेच दोन वेळा गेले. त्या गनच्या धारेनं झाडाचं पान फाटतं, तिथं बेअरिंगच्या रबरी सीलचं काय होणार? पाणी सील ओलांडून आत शिरतं, ग्रीस धुऊन काढतं, आणि तुम्ही तर क्लचवरही मारत असाल खालून. मी आता सोपं केलं. काम झाल्या झाल्या, गवत ओलं आहे तोवर लाकडी पट्टीनं डेक खरवडायची, मग पंक्चरवाल्याकडचा हवेचा पाइप. पाणी मारायचंच असेल तर साध्या नळानं, आणि चाकाचं तोंड, क्लच, स्पिंडल सोडून.

बाकी तुम्ही रोटाव्हेटर सोडून गवत कापायला लागलात हे फार चांगलं केलं. संत्र्याच्या अन्नमुळ्या वरच्या फूट-दीड फुटात असतात, रोटाव्हेटर त्याच तोडतो, आणि तुटलेल्या मुळीतून बुरशी शिरून पुढं डिंक्या रोग. आमच्याकडं सासऱ्यांनी हौसेनं खोल वखरणी केली आणि अकरा झाडं वाळली. कापलेलं गवत फक्त खोडाला टेकू देऊ नका, हातभर लांब ठेवा. आणि कुंपणावरची गुळवेल-वासनवेल काढा, फळातला रस ओढणारा पतंग त्यावरच वाढतो, मोवर तिथवर पोचत नाही.

उगाच_बोलतो
मंगळवार, सकाळी ९:००

ताई विषय चाकाचा हाय, तुम्ही पतंगावर गेल्या.

मोर्शीची_ताई
मंगळवार, सकाळी ९:०३

आणि तुम्ही बकरीवर गेला होता.

लेथवाला_अचलपूर
मंगळवार, दुपारी १:१०

चाकाबद्दल मी सांगतो. आधी पुढून जॅक लावा, पण जॅकवर भरोसा नाई, खाली लाकडाचा ओंडका सारा, मांगच्या चाकाले दोन्हीकून गोटे. मंग चाक वर-खाली दोन हातानं धरून हालवा. टकटक लागलं म्हणजे बुश, एक्सलवरची धातूची नळी, नाईतर बेअरिंग गेलं. बाहेरची टोपी काढा, आत चाक अडकवणारी ई-क्लिप असन, स्क्रूड्रायव्हरनं सरकवा, आन वायसर ज्या क्रमानं निघतात त्या क्रमानं एका तारेत ओवून ठेवा. चाक काढून आतला फोटो टाका. आन व्हर्नियर असन तर एक्सलची जाडी मोजा, चार बाजूनं. तो एक्सल फिरत नाई, चाकच फिरते, म्हणून एक्सल खालच्याच अंगानं घिसते. वरून मोजसान तर नवाच दिसन.

शॉर्टकट_दर्यापूर
मंगळवार, दुपारी ३:४०

माझ्या मामाकडे पण अशीच मशीन हाय. तिचे पाते मधातच बंद व्हायचे. मेकॅनिकनं सीटखालचा स्विच शॉर्ट करून टाकला, तवापासून काई झंझट नाई. बगीचावाले भाऊ आधी तेच करून पाहा, फुकटातलं काम हाय.

ओहायोवाला_वर्धेकर
मंगळवार, संध्याकाळी ५:५५

कृपा करून असं करू नका. सीटचा स्विच यासाठी असतो की माणूस सीटवरून उठला किंवा पडला की पाती तत्काळ बंद. तो शॉर्ट केला तर माणूस खाली आणि पाती चालूच. शिवाय यांची लक्षणं स्विचची नाहीतच. स्विच गेला असता तर खड्ड्यात उसळल्यावर झटक्यात बंद पडलं असतं, २५ मिनिटांनी हळूहळू मंद झालं नसतं.

शॉर्टकट_दर्यापूर
मंगळवार, संध्याकाळी ६:१०

दादा अमेरिकेत बसून बोलणं सोपं हाय. इथं कापूस वेचायला माणूस भेटत नाई, मशीन दर दहा मिनिटाला बंद पडली तर काम कवा होईन?

रिवाइंडिंग_मास्तर
मंगळवार, संध्याकाळी ७:२५

शॉर्टकट भाऊ, मी तर दारव्ह्यात बसून बोलून राह्यलो. आमच्या गावात थ्रेशरचं झाकण काढून काम करणारा होता, म्हणे झाकणानं दाणे अडकतात. आता त्याचा उजवा हात मनगटापासून नाई, पानटपरीवर बसते, डाव्या हातानं चुना लावते. तुमच्या मामाले सांगा, तो स्विच दोन-तीनशेचा असन, वायर ढिली असन तर तेही लागत नाई. या विषयावर मी आता बोलत नाई.

बगीचावाले भाऊ, आकडे?

बगीचावाला_वरुड
बुधवार, रात्री ८:५०

घ्या मास्तर. आज पूर्ण दिवस त्यातच गेला, बायको म्हणते मशीनले आता घरातच बांधा.

इंजिन चालू, बॅटरीवर १३.६ व्होल्ट. कॉइल थंडी असताना २.९ ओहम. पाते चालू करून क्लचच्या सॉकेटच्या मांगून सुई टोचून पाह्यलं तर १०.४ व्होल्ट. मंग पंचवीस मिनिट गवत कापलं, पाते मंद झाले का लगेच बंद करून सॉकेट काढून मोजलं तर ३.७ ओहम.

फट पाहाले फीलर गेज नव्हता. टू-व्हीलरवाल्या पोराकडून आणला, त्याले टॅपेटसाठी लागते तोच. तीन खिडक्यातून पाह्यलं, दोनीतून ०.५० ची पट्टी गेली आन तिसऱ्यातून ०.७५ सुद्धा आरामात.

चाकाचं तर काय सांगू. टोपी काढली, आतून लाल पाणी निघालं, ग्रीस नाईच. ई-क्लिप काढली, चाक ओढलं तर आत बेअरिंग निघालं, ६२०४ लिहिलेलं, आन त्याच्या आन एक्सलच्या मधात कोणीतरी थंड्याच्या डब्याचा पत्रा कापून गुंडाळला होता! लाल रंग अजून दिसून राह्यला त्यावर. एक्सल वरून १९.०५ आन खालून १८.९.

लेथवाला_अचलपूर
बुधवार, रात्री ९:१५

हा हा हा. डब्याचा पत्रा! हे काम मी ओळखतो, आमच्याच बिरादरीतल्या कोणाचं तरी हाय.

पाहा झालं काय. अमेरिकेची मशीन इंचात बनली. एक्सल पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी. आन आपल्या इकडं बेअरिंग मिमीमध्ये भेटतात. बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे पाहायचे, ०४ किंवा त्याच्या वर असन तर पाचनं गुणा, म्हणजे ६२०४ चं भोक २० मिमी, ६२०५ चं २५. त्याच्या खालचे तोंडपाठच करा लागतात, ०३ म्हणजे १७, ०२ म्हणजे १५. तर १९.०५ च्या एक्सलवर २० चं बेअरिंग ढिलं बसते, म्हणून त्यानं पत्रा भरला. पत्रा घिसला आन चाक डुगडुगलं. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, पण ४७ मिमीनं बोरिंग करून ठेवलं असन, कारण ६२०४ चा बाहेरचा व्यास ४७. म्हणजे मूळ बुश बसाची जागा आता राह्यली नाई.

काही लोकं सांगतीन का मधात स्लीव्ह टाक. अर्ध्या मिमीपेक्षा पातळ भिंतीची स्लीव्ह लेथवर करता करताच वाकते, ते ऐकू नका. पाऊण इंची बेअरिंग कुठं भेटलंच तर ते ४७ मध्ये बसणार नाई. सरळ गनमेटलचे दोन बुश करू. बाहेरून ४७ घट्ट बसाचं, प्रेसनं दाबाचं, आतून १९.२, मधात ग्रीसची नाली आन निप्पलच्या समोर एक भोक. एक्सल खालून १८.९ हाय, तेवढं चालून जाते, मोवरची पुढची चाकं काई हायवेवर पळत नाई. चाक घेऊन या, दोन घंट्यात देतो. आन तेव्हा उजवंही आणा, एक चाक नवं आन एक जुनं असं काई चालत नाई.

ओहायोवाला_वर्धेकर
गुरुवार, पहाटे ३:५०

बुशचा उपाय एकदम योग्य. मूळ कंपनीनंही बऱ्याच मॉडेलला पुढं साधे बुशच दिलेले असतात, इकडचे लोक ते काढून बेअरिंग टाकतात कारण ग्रीस भरायचा कंटाळा. बुश टाकलात तर मात्र दर २५ तासांनी ग्रीस गन लावायची, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं स्वच्छ दिसेपर्यंत. चाक जमिनीवरून उचलून मारा, म्हणजे खालच्या बाजूला जिथं वजन पडतं तिथंही ग्रीस पोचतं.

आता क्लच. फट सेट करण्याआधी किल्ली काढा, स्पार्क प्लगची वायर काढून बांधून ठेवा. मग ०.३५ ची पट्टी एका खिडकीत घाला, रोटर आणि चकतीच्या मध्ये, तिथला नट आवळत जा. पट्टी ओढताना हलकी अडकली पाहिजे, घट्ट चिमटायला नको. मग दुसरी खिडकी, मग तिसरी. तिसरी झाली की पहिली पुन्हा बघा, ती हललेली असते. मला दर वेळी तीन फेऱ्या लागतात. आणि फार कमी करण्याचा मोह टाळा, फट नावाला उरली तर बटण बंद केल्यावरही चकती रोटरला घासत राहील आणि पाती थांबणार नाहीत.

रिवाइंडिंग_मास्तर
गुरुवार, सकाळी ६:४०

२.९ थंडी, ३.७ गरम. कॉइल एकदम निरोगी हाय भाऊ, तांबं जेवढं वाढाले पाहिजे तेवढंच वाढलं. शॉर्ट असती तर थंडीतच दीड-दोन दाखवलं असतं. मेकॅनिकले हे दोन आकडे दाखवा.

आता खरा चोर पाहा. बॅटरीवर १३.६ आन क्लचवर १०.४. तीन व्होल्ट वाटेत कोणी खाल्ले? चार अँपियरच्या लाइनीत एवढी घट म्हणजे कुठंतरी सांधा हिरवा पडला असन, नाईतर अर्थची वायर सडली असन. बॅटरीपासून सुरू करा, एकेक सॉकेट उघडा, पॉलिश पेपरनं घासा, वरून थोडं व्हॅसलिन. पिवळ्या बटणाच्या पाठीमागचं सॉकेट तर पक्कं पाहा, करंट तिथूनच जाते. व्होल्ट कमी, फट जास्त, आन वरून कॉइल गरम. तीन दुखणे एकावर एक हायेत, एकट्या क्लचले काहून फाशी देता?

उगाच_बोलतो
गुरुवार, सकाळी ७:१५

आज खांदेमळणी हाय मंडळी. बैलाच्या खांद्याले तूप-हळद आन बगीचावाल्याच्या मशीनले ग्रीस. उद्या पोळ्यात उभी करून देजा, शिंग रंगवाले मी येतो.

बगीचावाला_वरुड
गुरुवार, रात्री १०:२०

येजो बे, मांगच्या टोपलीले बेगड लावून ठेवतो.

आज अचलपूरले जाऊन आलो, दोन्ही चाकं. लेथवाले भाऊनं चहा पाजला आन बुश माह्यासमोर काढले. पिवळ्या गनमेटलची ती साल अशी कुरकुरीत निघत होती आन ते भाऊ दर दोन सुतावर थांबून माह्या एक्सलच्या मापाचा जुना तुकडा घालून पाहात होते. शेवटी हातानं सरकवलं तर थांबत थांबत आत गेलं, ढिलं नाई का अडकत नाई. म्हणे, ग्रीसले जागा पाहिजे.

वायरिंगचं मास्तर तुम्ही म्हटलं तसंच निघालं. बटणाच्या मांगच्या सॉकेटमधली एक पट्टी हिरवीगार, आन तिथलं प्लास्टिक थोडं वितळलेलं. पट्टी घासली, पकडीनं थोडी दाबली. अर्थची वायर चेसिसवर जिथं कसली होती तिथं रंगावरच कसली होती, खरवडून खाली लोखंड काढलं. आता क्लचवर १३.१ येते.

फट ०.३५ केली. वर्धेकर दादा, मले पाच फेऱ्या लागल्या.

ओहायोवाला_वर्धेकर
शुक्रवार, पहाटे ४:३०

पाच पण चालेल. आता लगेच उंच गवतात घालू नका. आधी मोकळ्या जागेत अर्ध्या रेसवर दहा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, असं आठ-दहा वेळा करा. घासलेल्या चकत्या नव्या फटीला एकमेकींवर बसतात. आणि एरवीही पाती चालू करताना गवताच्या बाहेर, मधल्या रेसवर चालू करा, मग रेस वाढवून आत शिरा. गवतात उभं राहून बटण ओढलं की पात्यांचा सगळा भार त्या क्षणी चकतीवर येतो आणि ती घसरते, घसरली की तापते.

किर्र आवाजाचं बेअरिंग मात्र राहिलंच. ते काही महिने चालेल, पण बसलं तर पुली तिरकी होऊन फट पुन्हा बिघडेल. दिवाळीनंतर गवत कमी झालं की क्लच खाली उतरवा. शाफ्टच्या टोकाचा बोल्ट, मग क्लच खाली सरकतो. गंजानं धरला असेल तर तेल टाकून रात्रभर सोडा, हातोडी अजिबात मारू नका, तो धक्का थेट इंजिनच्या खालच्या सीलला आणि बेअरिंगला जातो. बसवताना शाफ्टला पातळ अँटी-सीझ नाहीतर ग्रीसचा हात, आणि कॉइलची ती खाच चेसिसच्या पिनमध्ये बसली आहे ना ते दोनदा बघा. माझ्याकडून एकदा राहिली होती. इंजिन सुरू केलं, कॉइल गर्रकन फिरली आणि वायर तुटून गुंडाळली गेली. चाळीस डॉलरची वायर आणि बायकोचं आठवडाभर हसणं.

लेथवाला_अचलपूर
शुक्रवार, सकाळी ९:३०

बेअरिंग घ्याल तवा नंबर जुन्यावरून उतरवून घ्या, मांगं टूआरएस असलेलंच, दोन्हीकून रबराचं सील. पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड येते, ते धूळ अडवते, पाणी नाई. आन स्वस्तात हातगाडीवरचं घेऊ नका, डब्यावर नाव मोठ्या कंपनीचं आन आत गोट्या कोणाच्या कोण जाणे. प्रेस माह्याकडं हाय, हातोडीनं ठोकाचं नाई. बाहेरच्या कड्यानं दाबा लागते, आतल्या कड्यावर दाब दिला का नवंच बेअरिंग जागेवर मरते.

बगीचावाला_वरुड
शनिवार, संध्याकाळी ६:४५

आज सकाळी सहा वाजतापासून चालवली. एक घंटा चाळीस मिनिट, सलग, गाजर गवताचे बोटाएवढे दांडे होते तेही कापले. एकदा नाई सोडलं. पुढचं चाक रेल्वेसारखं सरळ जाते. मास्तर, मुद्दाम थांबवून मोजलं, गरम असताना ३.६ ओहम, आन सॉकेटवर १३ च्या वर. पाते बंद केले का मनात आकडे मोजतो, चारपर्यंत जात नाई तोवर थांबते.

मंग जोश आला आन म्हटलं मांगच्या चाकाच्या एक्सललेही ग्रीस लावून घेऊ, नाईतर पंक्चर झालं का गंजानं चाक निघणार नाई. बांधावरच मशीन उभी केली, चाक अडकवणारी सर्क्लिप काढाले गेलो, ती टण्णकन उडाली आन गवतात गेली. दोन घंटे झाले शोधून राह्यलो. पोरगंही लागलं, बायकोही लागली. आता अंधार पडला.

रिवाइंडिंग_मास्तर
शनिवार, संध्याकाळी ७:०२

जुना स्पीकर हाय का घरात? त्याचं चुंबक काढा, दोरीले बांधा, गवतावरून झाडू मारल्यासारखं ओढा. सकाळी करा, दवानं गवत खाली बसलेलं असते. आन पुढच्या वेळी क्लिपवर फडकं झाकून पकड लावजा.

बगीचावाला_वरुड
रविवार, सकाळी ८:१०

भेटली! पिंपळाच्या बाजूनं, बारा पावलं लांब. सोबत दोन खिळे, एक टिकलीएवढा नट आन पोळ्याच्या आधी हरवलेलं बायकोचं खुरपं, मूठ सडलेली, पातं शाबूत. ते खुरपं मीच हरवलं असं ती तीन आठवड्यापासून म्हणून राह्यली होती.

उगाच_बोलतो
रविवार, सकाळी ८:१४

मंग हरवलं कोणं होतं?

बगीचावाला_वरुड
रविवार, सकाळी ८:२०

मीच.